तिसरा होकार

नथ्थूभाऊंना डुलकी लागली, की ती मोडायला एक तर चहा लागायचा नाही तर गिऱ्हाईक. त्या श्रावणी शनिवारी सकाळी दोन्ही एकदमच जिना चढून वर आलं.

जळगावात एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर राजकुंवरताईंचं ऑफिस होतं. खालून दिवसभर तुपाचा वास वर येई आणि माणसाला उगीचच सणासुदीचं वाटत राही. ताई मारवाडी घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. धंदा चौकशीचा. त्यातही जास्त करून लग्नाच्या स्थळांचा. मुलगा सांगतो तिथे खरंच नोकरीला आहे का, मुलीच्या बापानं लपवलेलं काही आहे का, असली कामं. नथ्थूभाऊ त्यांच्या मदतीला. ते निवृत्त हवालदार. उभ्या नोकरीत आपण एकही चोर पकडला नाही, पण निरपराध माणसावर हातही टाकला नाही, असं ते छाती काढून सांगत.

आलेल्या दोघी मायलेकी होत्या, मुक्ताईनगरच्या. आई मंजुळाबाई, रिकाम्या कपाळाची, पदर घट्ट धरून बसलेली. मुलगी ज्योती, पंचविशीची, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"ताई, आमच्या कानबाईची नथ चोरीला गेली," ज्योती म्हणाली. "आणि चोर आम्ही आहोत असं सगळे म्हणताहेत."

नथ्थूभाऊ आता पुरते जागे झाले. कानबाईचं नाव काढल्यावर खानदेशी माणसाला झोप कशी येणार?

"मला सगळं पहिल्यापासून सांग," राजकुंवरताई म्हणाल्या. "आमच्याकडे कानबाई नसते. मला अडाणी समजून सांग."

ज्योतीनं सांगितलं. कानबाई ही घरची देवी. श्रावणातल्या रविवारी नारळाची देवी पाटावर बसते, तिला डोळे लावतात, नथ घालतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी ती नदीवर जाते. तिच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कणही द्यायचा नाही. त्यासाठी घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे.

"म्हणजे रोटात ज्याची मूठ, तो घरचा," ताई म्हणाल्या.

"हो. आणि आबा, म्हणजे माझे थोरले काका, म्हणाले, उद्यापर्यंत नथ आली नाही, तर गिरधरच्या घराला रोटात वाटा नाही. गिरधर म्हणजे माझे बाबा. ते मागच्या वर्षी गेले. घरात आता पुरुष नाही, म्हणून आमची मूठ आधीच गेली होती. आबांनी निदान नावाचा वाटा ठेवला होता. तोही जाईल."

मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला. राजकुंवरताईंनी चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली आणि त्या पिईपर्यंत काही विचारलं नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊ तिघे. थोरले निंबाआबा नरडाण्याला शेती करतात, देवघर त्यांच्याकडे. मधले गिरधर, मुक्ताईनगरला एसटीचे ड्रायव्हर होते. धाकटे प्रेमराज, त्यांचं पहूरला बियाण्यांचं दुकान. देवीच्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली कोणाकडे असावी, यावरून वर्षानुवर्षं भांडणं. शेवटी ज्योतीनं तोडगा काढला. ती पुण्यात ब्लॉकचेनवर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायचं काम करायची.

"आता हे अडाण्याला समजून सांग," नथ्थूभाऊ म्हणाले.

ज्योती पहिल्यांदा जरा हसली. "भाऊ, ब्लॉकचेन म्हणजे एकच नोंद हजारो कॉम्प्युटरवर ठेवलेली. कोणा एकाला ती पुसता येत नाही. त्या नोंदीवर मी एक करार बसवला. कागदाचा करार नुसता पडून असतो. याला आठवण असते. तिला आम्ही स्टेट म्हणतो. तिघा भावांच्या मोबाइलमध्ये एकेक 'की' आहे, म्हणजे ज्याची त्याची किल्ली. भावानं होकाराचं बटण दाबलं, की कराराच्या आठवणीत एक आकडा वाढतो. एकाच भावानं दोनदा दाबलं तर धरत नाही. तीन झाले, की पेटीचं कुलूप आपोआप उघडतं आणि आकडा परत शून्यावर जातो."

"किती होकार आले ते स्क्रीनवर दिसतं?"

"नाही ताई. मुद्दाम ठेवलं नाही. आधी कोणी दिला, कोणी ताटकळत ठेवलं, यावरून आमच्याकडे जन्माचे रुसवे होतील. स्क्रीनवर दोनच शब्द. पेटी बंद, नाहीतर पेटी उघडी."

"शहाणी आहेस," ताई म्हणाल्या. "मग घोटाळा कुठे झाला?"

"आबांनी बुधवारी होकार दिला. प्रेमराजकाकांनी गुरुवारी दुपारी दिला. आईनं दिलाच नव्हता, ती उद्या तिथे जाऊन देणार होती. बाबा गेल्यावर मी करारातून बाबांचं नाव काढून आईचं घातलं. तेवढा एकच बदल, बाकी एका अक्षराला हात लावला नाही. तरी गुरुवारी काकांनी बटण दाबल्याबरोबर पेटी उघडली. शुक्रवारी आबांनी पाहिलं तर झाकण वर आणि नथ नाही. यंदाचा श्रावण लागल्यापासूनची सगळी नोंद मी काल रात्रभर पाहिली. दोनच होकार आहेत. कोड शंभरदा वाचला. तीनशिवाय उघडूच शकत नाही. आणि उघडली."

"काका काय म्हणतात?"

"जिनं कुलूप केलं, तिनं स्वतःसाठी चोरवाट ठेवली असणार. ताई, माझ्याकडे याला उत्तर नाही. माझा करार खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि मी खोटं बोलत नाही, हेही."

राजकुंवरताईंनी चष्मा पुसला. "दोघंही खरं बोलत असाल, तर प्रश्न वेगळा आहे. नथ्थूभाऊ, नरडाण्याची गाडी किती वाजता?"

*

सुरत लाइनची पॅसेंजर ही झोपेसाठीच बांधलेली असावी, असं नथ्थूभाऊंचं मत होतं. धरणगाव मागे पडलं. खिडकीबाहेर कपाशी, ज्वारी, मधूनच भुरभुर. सगळं हिरवं ओलं होऊन तरंगत चाललं होतं. समोर मंजुळाबाई हळू आवाजात ताईंशी बोलत होत्या आणि ते बोलणं नथ्थूभाऊंच्या पापण्यांवर पावसासारखंच पडत होतं.

"मागल्या साली भावाभावात लई बोलाचाली झाली. आबाले जुनी नथ आटवून नवी, मोठी करायची होती. जुनी मन्ही सासूनी. तिची तार वाकली, दोन मोती पडले. हे म्हणे, मायनी नथ मी आटवू देणार नही, आटवशान तर मन्हा होकार नही. कानबाईचा रविवार उजाडला. सकाळी खाटेवर बसून चष्मा मागितला, मोबाइल पाहिला. मंग म्हणे, चहा ठेव, नरडाण्याले जाऊ. मला वाटलं, भांडाले चालले. मी म्हटलं, सणासुदीचं कशाला जाता? तर नुसते हसले. चहा उकळला नही तवर छातीत कळ आली."

 गाडी खडखडत पुलावरून गेली.

"भांडणाच्या तोंडी गेले, ताई. देवीले नकार देऊन गेले. माणसं तोंडावर बोलत नहीत, पण बठ्ठा गाव तेच म्हणस."

"त्यांचा मोबाइल?"

"कपाटात आहे," ज्योती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी उघडला नाही. उघडवत नाही."

नथ्थूभाऊंचा डोळा लागला. त्यांना एक कारकून दिसला. पाण्याखाली, हिरव्या उजेडात, चौरंगावर बसलेला. त्याला झोप नव्हती, भूक नव्हती. त्याच्या मुठीत एक खडा होता. तो म्हणाला, "नथ्थूभाऊ, हा खडा कोणाचा? कोणी न्यायला आलं नाही." नथ्थूभाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली आणि अमळनेर आलं.

"काय हो, झोपेत कोणाशी बोलत होता?" ताईंनी विचारलं.

त्यांनी ओशाळून स्वप्न सांगितलं. ताई हसल्या नाहीत. बाहेर बघतच म्हणाल्या, "मला सांगा, कानबाई बसायच्या दिवशीच घरात सुतक आलं, तर काय करतात?"

"बसवतच नाहीत. मांडलेलं मोडायचं. तेवढ्यापुरतं जे झालं ते सगळं धरायचंच नाही. पुढच्या साली पहिल्यापासून नवं."

"धरायचंच नाही," ताईंनी तेच शब्द पुन्हा म्हटले.

*

नरडाण्यात निंबाआबांचं घर नवं, स्लॅबचं, चुन्याचा ताजा हात दिलेलं. बाया अंगण सारवत होत्या आणि उद्याच्या गाण्यांचा सूर लावून बघत होत्या. मंजुळाबाईंना पाहून सूर थांबला. त्या आत गेल्या नाहीत. बाहेर ओट्यावरच बसल्या. त्यांना कोणी आत या म्हटलंही नाही. नथ्थूभाऊंना ते फार लागलं. आपल्याच देवीच्या दारात माणूस पाहुण्यासारखा बसलेला त्यांना बघवेना.

निंबाआबा उंच, करारी, मिशा पांढऱ्या. "चौकशी करा ना बाप्पा," ते म्हणाले. "माले कोणावर आळ घ्याना नही. पण पेटी तीन होकारशिवाय उघडस नही, हाई पोरनीच सांगेल शे. दोन आम्हना. तिसरा कोणना?"

"गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होता, आबा?"

"वावरमा. सांजले उनू. देवघरमा पाय बी ठेवा नही. शुक्रवारी दखं तं झाकण उघडं."

"दागिने सगळे गेले?"

"नही. चांदीना तोडा, कंबरपट्टा, डोळे, बठ्ठं तठेच शे. नथ तेवढी नही. माळा धुंडा, कोठी धुंडी, चुलीमांगे बी दखं."

"मागच्या वर्षी गिरधरभाऊंनी होकार दिला नव्हता, असं ऐकलं."

आबांचा चेहरा आवळला. "नही दिना. मी न् प्रेमराज वाट दखत बसनूत. आधी तो देस का, मंग आम्ही दिऊ. आम्ही बटणले हात बी लावा नही. मंग फोन उना..." ते उठून परसात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

प्रेमराज दुपारीच पहूरहून येऊन पोहोचले होते. गोरे, घाईचे, खिशात दोन मोबाइल. "मी गुरुवारी दुकानात गिऱ्हाईक सोडून बटण दाबलं आणि विसरून गेलो. पेटी तेव्हाच उघडेल हे मला काय माहीत? वहिनी चोरी करतील असं मी म्हणत नाही. पण पोरगी हुशार आहे. जास्त हुशार."

"नथ आटवायची होती, त्यात तुमचं मत काय होतं?"

"मला काय, जुनी काय नि नवी काय. आबा म्हणतील तसं." हे बोलताना त्यांनी ओट्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

आबांच्या पत्नी बेबाबाई देवघरात होत्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हात चुन्यानं पांढरे. देवघर त्याच सारवत, त्याच रंगवत. भिंतीशी पेटी. तिच्या काळ्या कुलपावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. कोपऱ्यात पाटावर नवी टोपली, लाल कापडानं झाकलेली. नथ्थूभाऊंना उभं राहून पाय भरून आले होते. त्यांनी आधाराला त्या कोपऱ्याकडे हात केला.

"हात नका लावू!" बेबाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की नथ्थूभाऊ दोन पावलं मागे सरले. "ते रोटानं शे. कानबाईनं."

"चुकलं, अक्का," नथ्थूभाऊंनी कान पकडले. परक्यानं रोटाच्या गव्हाला शिवू नये, हे काय त्यांना शिकवायला हवं होतं?

ताईंनी मऊ आवाजात विचारलं, "अक्का, नथ कशी होती हो?"

बेबाबाईंचे डोळे भरून आले. "बारीक व्हती. पण मन्ही सासूनी लगीनमा पहिले मन्हा नाकमा घाली, मंग देवीले दिनी. म्हणे, बेबा, तू न् कानबाई एकच नथनी बहिणी." त्यांनी चुन्याच्या हातानंच डोळे पुसले. "आते कोणले सांगू?"

"गुरुवारी देवघर कोणी सारवलं?"

"मीच. दुसरं कोण सारवी?" एवढं म्हणून त्या लगबगीनं चुलीकडे गेल्या.

बाहेर येताना वाटेवर पिठाची चक्की लागली. चक्की धुऊन पुसून लख्ख, दाराला आंब्याचा टाळ. मालक जीवराम हात बांधून उभा होता.

"आज फक्त कानबाईचं दळण," तो नथ्थूभाऊंना म्हणाला. "सकाळपासून दुसरा दाणा चक्कीला लागू दिला नाही. गावाचं झालं सगळं. निंबाआबांकडचं तेवढं राहिलं. दोनदा निरोप दिला, अक्का म्हणतात, पाठवते, पाठवते. दरसाली पहिला नंबर त्यांचाच."

"दुःखाचं घर आहे बाबा, उशीर होणारच," नथ्थूभाऊ म्हणाले. ताईंनी मात्र मान वळवून घराकडे एकदा पाहिलं.

*

नथ ज्या सराफाकडची होती, ते घेवरचंद धुळ्याचे. ताईंच्या नात्यातलेच निघाले. तासाभरात त्या गादीवर बसून ताक पीत होत्या आणि नथ्थूभाऊ लोडाला टेकून पुन्हा तरंगू लागले होते.

"निंबाआबांनी नव्या नथीचा नमुना पसंत केलाय," घेवरचंद म्हणाले. "सात मोत्यांची. मी म्हटलं, जुनी आणा, आटवून त्यातच भर घालू. म्हणाले, देवी नदीवरून आली, की सोमवारी आणतो. अजून तरी आलेली नाही."

"हे घरात कोणाला माहीत होतं?"

"घरात कशाला सांगतील? परवा गुरुवारी सकाळी मी फोन केला होता, मोत्यांचा भाव सांगायला. आबा शेतात होते. अक्कांनी उचलला. मी त्यांनाच सांगून ठेवलं, की जुनी नथ लवकर पाठवा."

राजकुंवरताईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. "काका, आज नव्या नथीचा घाट विसरा. जुन्याला दोन मोती बसवायची तयारी ठेवा."

परतीच्या जीपमध्ये नथ्थूभाऊंनी आपला तर्क मांडला. "ताई, आबाच चोर. नथ लवकर हवी होती."

"सोमवारी जी सगळ्यांच्या देखत हातात येणार, ती कोणी चोरतं का?"

 ढगांच्या फटीतून पिवळं ऊन रस्त्यावर सांडलं होतं आणि त्या उजेडात त्यांना पुन्हा त्या कारकुनाची बंद मूठ दिसत राहिली.

*

दिवेलागणीला सगळे देवघरापाशी जमले. आबा, प्रेमराज, दाराला टेकून बेबाबाई. ताईंच्या आग्रहावरून मंजुळाबाईही उंबऱ्याच्या आत आल्या, पण भिंतीला लागूनच बसल्या. ज्योतीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"दोन प्रश्न आहेत," ताई म्हणाल्या. "पेटी कशी उघडली आणि नथ कोणी घेतली. आपण सगळे समजत होतो, की दोन्हींचा माणूस एकच. तिथेच चुकलो.

"आधी पेटी. करार तीन होकारांशिवाय उघडत नाही. यंदा दोनच आले. करार खोटं बोलत नाही, ज्योतीही बोलत नाही. मग तिसरा होकार यंदाचा नसेल. ज्योती, तू नोंद कुठपासून पाहिलीस?"

"यंदाच्या श्रावणापासून."

"का?"

"कारण मागच्या वर्षी तर..." ज्योती अडखळली. "मागच्या वर्षी कानबाई बसलीच नाही. ते धरायचंच नसतं."

"तू धरलं नाहीस. आबांनी धरलं नाही. नथ्थूभाऊंनीही मला तेच सांगितलं. सुतक आलं, मांडलेलं मोडलं, झालं गेलं सगळं वाहून गेलं. खानदेशातलं लेकरू सुद्धा असंच समजेल. पण तुझ्या कराराला सुतक कुठे कळतं? त्याला एवढंच ठाऊक, की तीन होईपर्यंत आकडा विसरायचा नाही. मागच्या वर्षी पेटी उघडली नाही, म्हणजे आकडा शून्यावर गेलाच नाही. एक होकार तसाच त्याच्या मुठीत राहिला. वर्षभर."

नथ्थूभाऊंना गाडीतल्या स्वप्नातला कारकून आठवला. मूठ, खडा, हिरवं पाणी. न्यायला कोणी आलं नाही.

"पण कोणाचा?" प्रेमराज म्हणाले. "आम्ही दोघांनी दाबलंच नव्हतं."

"बरोबर. तुम्ही दोघं वाट पाहत होता. मंजुळाबाईंचं नाव तेव्हा करारात नव्हतं. उरलं कोण?"

 बाहेर सारवलेल्या अंगणात एक कुत्रं अंग झाडून गेलं.

"ज्योती, तू बाबांचं नाव काढलंस. त्यांचा होकार काढलास का?"

ज्योतीचा हात तोंडावर गेला. "नाही. नाव काढलं, पण आकड्याला हात लावला नाही. त्यांनी होकार दिलाच नाही असं समजून मी... ताई, ही माझी चूक आहे."

"असेल. आता मागच्या वर्षीच्या कानबाईचा रविवार उघड. सकाळचा."

ज्योतीनं नोंद उघडली. स्क्रीनवर ओळी सरकत गेल्या, आकडे आणि अक्षरं, नथ्थूभाऊंना काही न कळणारी. मग ती थांबली. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाच बेटा," ताई म्हणाल्या.

"बाबांची की आहे. रविवार, सकाळ. होकार. त्या दिवसाचा पहिला. आणि एकटाच."

मंजुळाबाई भिंत सोडून पुढे आल्या. "दिना व्हता? ह्यास्नी होकार दिना व्हता?"

"चष्मा मागितला ना त्यांनी? मोबाइल पाहिला, मग म्हणाले, चहा ठेव, नरडाण्याला जाऊ. तुम्हाला वाटलं भांडायला निघाले. अहो, ज्याला नकार द्यायचा, तो घरी बसून राहतो. ते होकार देऊन देवीला निघाले होते. म्हणूनच हसले."

मंजुळाबाई मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. ज्योतीनं त्यांचं डोकं छातीशी धरलं. वर्षभर अडून राहिलेलं ते रडणं होतं, आणि कोणी ते थांबवलं नाही. निंबाआबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या पाठीवरून दिसत होतं, की तेही रडताहेत.

रडणं ओसरल्यावर प्रेमराज पेटीकडे वळले. "पण नथ?"

"गुरुवारी दुपारी तुम्ही पहूरला बटण दाबलं आणि इथे रिकाम्या देवघरात पेटी टक् करून उघडली," ताई म्हणाल्या. "कोणी बोलावलं नव्हतं, कोणाला माहीतही नव्हतं. चोर आला असता तर तोडा, कंबरपट्टा सगळं नेलं असतं. नथच गेली, म्हणजे घेणाऱ्याला नथीचीच काळजी होती. आटवायची घाई असलेल्यानं ती घेतली असती, तर घेवरचंदांकडे पोहोचली असती. तिथे नाही. म्हणजे घेतली ती आटवू नये असं वाटणाऱ्यानं. आणि गुरुवारी या खोलीत सारवायला एकच बाई आली. तिला सकाळीच सराफाचा फोन आला होता, की जुनी नथ लवकर पाठवा."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"अक्का, चक्की सकाळपासून धुऊन तयार आहे. दरसाली पहिला नंबर तुमचा. यंदा गावाचं दळण झालं, तुमचे गहू अजून टोपलीतच. का? चक्कीत घातले असते, तर गव्हाबरोबर काय दळलं गेलं असतं?"

बेबाबाई दारापासून हलल्या. पुढे आल्या, लाल कापड बाजूला केलं, गव्हात मनगटापर्यंत हात घातला. हात वर आला तेव्हा दोन बोटांत वाकड्या तारेची छोटीशी नथ होती. मोत्यांना गव्हाचं कुसळ चिकटलं होतं.

"माले वाटनं, तुम्हीच उघाडी," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "चोरून सराफले देशात, म्हणीसन मी दपाडी. मंग तुम्ही मंजुळावर आळ घेतला. खरं सांगू तं भाऊबंदमा नवऱ्यानं नाव जाय. नही सांगू तं जाऊ उंबऱ्याबाहेर बसस. दोन रात झोप नही माले. मंजुळा, माफ कर माय."

मंजुळाबाईंनी नथ हातात घेतली, उजेडाकडे धरली. "आक्का, तुम्ही ती वाचाडी," त्या म्हणाल्या. "हे असते तं तुम्हना पाया पडते."

निंबाआबा वळले. डोळे लाल.  टोपलीसमोर बसून सगळे गहू परातीत ओतले आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. स्वतःची सव्वा मूठ, मुलाची, नातवाची, प्रेमराजची, त्याच्या दोन्ही मुलांची. नावं घेत टोपलीत टाकत गेले. मग त्यांनी आणखी एक मूठ भरली.

"हाई गिरधरनी."

बेबाबाई चपापल्या. "अहो, गेलेल्यानी मूठ धरतस का कोठे?"

"त्याना होकार वरीसभर धरी ठेवा ना त्या मशीननी? मंग त्यानी मूठ मी काबरं नही धरू?" आबांनी मूठ टोपलीत सोडली. आणि पुन्हा परातीत हात घालून ज्योतीकडे पाहिलं. "न् हाई जोतीनी. पेटी राखस ना ती."

 प्रेमराज उठले आणि चक्कीवर न्यायला टोपली त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

ज्योतीनं लॅपटॉप मिटता मिटता आईला सांगितलं, की ती उद्याच करारातली चूक दुरुस्त करेल, यापुढे नाव निघालं की त्याचा होकारही निघेल.

"मंग ह्यास्ना हाऊ होकार पुसाई जाई का?" मंजुळाबाईंनी घाबरून विचारलं.

"नाही आई. झालेलं कधीच पुसता येत नाही. कधीही उघडलं तरी ती ओळ तिथेच असेल."

नथ्थूभाऊ तेवढ्यात बाहेर पडले होते. जीवरामला चक्की बंद करू नको म्हणून सांगायला कोणीतरी पळायला हवं होतं, आणि त्या वेळी घरात पळण्याच्या स्थितीत दुसरं कोणी नव्हतं.